जमिनीचा लढा वर्गात शिकवताना आपलं मत कुठे ठेवायचं?

नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यावरून उरण भागातल्या शेतकऱ्यांनी केलेलं जानेवारी १९८४ चं जासईचं आंदोलन मी अकरावीच्या वर्गात पहिल्यांदा शिकवलं, तेव्हा तास रंगला होता. माझं माहेर बेलापूर पट्टीतलं, आगरी. भाताची खाचरं आणि मिठागरं होती तिथे सेक्टर कसे आले, हे मी लहानपणापासून ओटीवर बसून ऐकलेलं. पुस्तक उघडायची गरजच पडली नाही. दि. बा. पाटलांचं नेतृत्व, १६ जानेवारीला दास्तान फाट्यावर झालेला गोळीबार, दुसऱ्या दिवशी पागोट्याला पुन्हा गोळीबार, दोन दिवसांत पाच जणांचा मृत्यू, हे सगळं मी जसं ऐकलं होतं तसं सांगितलं. काही मुलींचे डोळे भरून आले.

तास संपल्यावर एक मुलगा टेबलापाशी येऊन थांबला. म्हणाला, "मॅडम, माझे आजोबा तेव्हा बंदोबस्ताला होते. घरात ते यावर बोलत नाहीत. पण तुम्ही आज जे पोलीस सांगितलेत ना, तसे ते नाहीत."

त्या तासात मी एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती. तारखा बरोबर, आकडा बरोबर, गावांची नावं बरोबर. तरीही त्या मुलाला माझ्या वर्गात जागा उरली नव्हती. तेव्हा मला कळलं की आपला कल खोट्या माहितीतच लपतो असं नाही. गोष्ट कुठून सुरू केली, कोणतं क्रियापद वापरलं, कुणाचा आवाज ऐकवला, यात तो बसलेला असतो. म्हणून तो काढायचा तर तिथेच हात घालावा लागतो.

गेली काही वर्षं मी हा विषय सहा तासांत शिकवते. ती पद्धत इथे सविस्तर मांडते आहे. उदाहरणं नवी मुंबईची आहेत, पण नववीपासून पुढे कुठल्याही संघर्षाला ती लावता येईल.

"निष्पक्ष राहा" एवढं सांगून काही होत नाही

आधी हे पटवून घ्या, कारण आपण शिक्षक नेमकं एवढंच करून पुढे जातो. १९८४ साली लॉर्ड, लेपर आणि प्रेस्टन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. फाशीच्या शिक्षेबद्दल ठाम मतं असलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी या शिक्षेच्या परिणामांवरचे अभ्यास वाचायला दिले. एका गटाला सांगितलं की न्यायाधीशासारखे जास्तीत जास्त निष्पक्ष राहून वाचा. दुसऱ्या गटाला सांगितलं की प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारा, याच अभ्यासातून नेमका उलटा निष्कर्ष निघाला असता तर मी त्याला असंच जोखलं असतं का? निष्पक्ष राहायला सांगितलेला गट काहीही न सांगितलेल्यांइतकाच एकांगी राहिला. उलटा प्रश्न विचारणाऱ्यांचा कल मात्र दुरुस्त झाला.

म्हणजे मुलांना नुसता उपदेश पुरत नाही, हाताला काम द्यावं लागतं. पुढचे सगळे टप्पे त्यासाठीच आहेत.

वर्गात जाण्याआधी: तुमची स्वतःची वही

आदल्या रविवारी एक पान घ्या आणि तीन गोष्टी प्रामाणिकपणे लिहा. या भांडणात चूक कुणाची, असं मला वाटतं? हे मला पहिल्यांदा कुणी सांगितलं? कुठली गोष्ट पुढे आली तर मला वाईट वाटेल?

पहिल्या दोन उत्तरांना पाच मिनिटं पुरतात. तिसरं अवघड आहे. माझं उत्तर होतं, "एखाद्या पोलिसालाही त्या दिवशी जिवाची भीती वाटली होती, हे खरं निघालं तर." तेच मी शिकवताना गाळलं होतं. तिसऱ्या प्रश्नाचं जे उत्तर येईल, त्याला धड्यात कुठे जागा दिली आहे ते तपासा. जागा नसेल तर आराखडा बदला.

शिक्षकाने आपलं मत मुलांना सांगावं की नाही, यावर स्टाफरूममध्ये पुष्कळ वाद होतात. जर्मनीत १९७६ साली बॉयटल्सबाख या गावी राज्यशास्त्राच्या शिक्षणाबद्दल काही तत्त्वं ठरली, त्यांतली दोन मला फार उपयोगी पडतात. मुलांवर मत लादायचं नाही, आणि जे अभ्यासकांमध्ये वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं. मी आगरी आहे, आमच्या जमिनी या शहरात गेल्या, एवढं मी पहिल्याच तासाला सांगून टाकते. आडनावावरून मुलांना ते कळतंच. माझं मत मात्र सहावा तास संपेपर्यंत सांगत नाही.

पहिला तास: बंद पाकीट

विषयाचं नाव फळ्यावर लिहा, दुसरं काही सांगू नका. प्रत्येकाने एका कागदावर चार उत्तरं लिहायची: दोष कुणाचा, हे मला कुठून कळलं, या संघर्षात ज्यांचं नुकसान झालं असे कोणकोण मला आठवतात, आणि काय कळलं तर माझं मत बदलेल. कागद पाकिटात, पाकीट चिकटवून वर नाव. ही पाकिटं तुम्ही वाचणार नाही असा शब्द द्या आणि तो पाळा.

तिसऱ्या प्रश्नाशी मुलं अडतात. गावठाणातल्या मुलाला जमीन गेलेली चार घरं पटकन आठवतात, दुसऱ्या बाजूचं एकही माणूस आठवत नाही. कॉलनीतल्या मुलीला आपल्या आईवडिलांची हप्ते फेडतानाची ओढाताण आठवते, पण तिची इमारत ज्या खाचरावर उभी आहे त्याचा मालक आठवत नाही. त्यात तिचा दोष नाही, तिला कुणी सांगितलेलंच नसतं. हा रिकामा रकाना मुलांच्या स्वतःच्या अक्षरात त्यांच्यासमोर येतो, तेव्हा पहिल्या तासाचं काम झालं.

दुसरा तास: दोरी आणि चिमटे

हा तास मला सगळ्यांत प्रिय आहे. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधा, चिमटे आणा. जाड कागदाच्या पट्ट्यांवर घटना लिहून ठेवा. माझ्या पट्ट्या अशा:

१८९४, भूसंपादन कायदा. हरकत नोंदवता येई, पण सरकारने सार्वजनिक प्रयोजन ठरवलं की मालकाचा नकार चालत नसे.
१९३३ ते १९३९, अलिबाग तालुक्यात चरीचा शेतकरी संप. खोतांविरुद्ध कुळं, नेते नारायण नागू पाटील.
१ एप्रिल १९५७, कृषक दिन. कुळकायद्याने कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं.
१९६१ ते १९७१, मुंबईची लोकसंख्या सुमारे ४१ लाख ५२ हजारांवरून ५९ लाख ७० हजारांवर.
१९६५, चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांची खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची सूचना.
१७ मार्च १९७०, सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना. नव्या शहराच्या आराखड्यात ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र.
१९७३, वाशीचा खाडीपूल.
जानेवारी १९८४, जासई आणि पागोटे.
१९८९, न्हावा शेवा बंदर सुरू.
९ मे १९९२, मानखुर्दहून लोकल वाशीला पोचली.
२४ जून २०२१, नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून बेलापूरला सिडको भवनावर मोर्चा.
८ ऑक्टोबर २०२५, विमानतळाचं उद्घाटन.

एका पट्टीवर मी तारीख लिहीत नाही: साडेबारा टक्के योजना, म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत. ती दोरीवर कुठे लावायची हे मुलांनी शोधून काढायचं. १९८४ च्या आधी की नंतर, एवढं कळलं तरी गोळीबाराच्या दिवशी शेतकऱ्याच्या हातात काय होतं आणि काय नव्हतं ते उमगतं.

आता पाच गट करा. प्रत्येक गटाने पाचच पट्ट्या उचलायच्या आणि दोन मिनिटांत गोष्ट सांगायची. अट एकच, पहिली पट्टी तुम्ही ठरवून द्यायची.

१९६५ पासून सुरू करणाऱ्या गटाच्या गोष्टीत कोंदटलेली मुंबई असते, नकाशावर वाकलेले वास्तुविशारद असतात आणि शेतकरी शेवटी शेवटी येतो, तोही अडथळा म्हणून. १९८४ पासून सुरू केलं की मैदानात फक्त आंदोलक आणि पोलीस उरतात. हुकूम देणारं, दर ठरवणारं कुणी दिसतच नाही. १९९२ पासून सुरू करणाऱ्यांच्या गोष्टीत लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतून वाशीला आलेलं कुटुंब असतं, खिडकीतून पहिल्यांदा वारा आलेला असतो, आणि त्या गोष्टीत कुणीच खलनायक नसतो.

१९३३ च्या गटाची गोष्ट ऐकताना वर्ग हमखास शांत होतो. आजोबा खोताच्या जमिनीवर राबले, त्यांच्याच पिढीने तिकडे चरीला सहा वर्षं संप केला. बापाला १९५७ नंतर सातबाऱ्यावर नाव लागलेलं बघायला मिळालं. आणि १९७० ला त्या जमिनीवर शहराची आखणी आली. मधे फक्त तेरा वर्षं. एका वर्षी एका मुलीने ही वजाबाकी मोठ्याने केली आणि म्हणाली, "म्हणजे कपाटात कागद नीट ठेवायच्या आतच गेली." मी त्या घरातली असून ही वजाबाकी मी कधी केली नव्हती.

आपापल्या गोष्टी सांगून झाल्या की प्रत्येक गटाला एकच प्रश्न विचारा: तुमच्या सुरुवातीमुळे कोण दिसेनासं झालं? उत्तर लिहून दोरीखाली चिकटवायचं. आपण गोष्ट जिथून सुरू करतो तिथे आपलं माणूस उभं असतं, हे मुलं आपापल्या शब्दांत सांगायला लागतात. दोरी सहाव्या तासापर्यंत उतरवू नका.

तिसरा तास: क्रियापदं

मराठीचे आणि इतिहासाचे शिक्षक मिळून हा तास घेऊ शकले तर फार चांगलं. फळ्यावर चार वाक्यं लिहा.

जमीन दिली.
जमीन घेतली.
जमीन गेली.
जमीन संपादित झाली.

घटना एकच. 'दिली'मध्ये शेतकऱ्याची राजीखुशी गृहीत आहे. 'घेतली'मध्ये घेणारा समोर उभा आहे. 'गेली' हे आमच्या घरांतल्या म्हाताऱ्यांचं क्रियापद. माणूस गेला म्हणतात तसं, त्यात कुणाला दोष नाही, नुसतं दुःख आहे. 'संपादित झाली'मध्ये देणाराही नाही, घेणाराही नाही, फक्त कार्यालय आहे. मुलांना घरी पाठवा आणि आजीआजोबा, आईवडील, शेजारी यांच्या तोंडी यांतलं कोणतं क्रियापद येतं ते ऐकून यायला सांगा. विचारायचं नाही, फक्त ऐकायचं.

मग दुसरी वाक्यं. "जमाव हिंसक झाल्याने पोलिसांना गोळीबार करावा लागला." "पोलिसांनी शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या." "गोळीबारात पाच जणांचा मृत्यू झाला." 'करावा लागला' या दोन शब्दांत अख्खं समर्थन येऊन बसतं. 'झाला'मध्ये गोळी आपोआप सुटल्यासारखी वाटते. 'जमाव' म्हटलं की तोंडवळे पुसले जातात, 'शेतकरी' म्हटलं की परत येतात. ही वाक्यं मी वर्गासाठी स्वतः तयार केली आहेत. मुलांनी वर्तमानपत्रांतून अशीच आणखी शोधायची.

नामांचीही यादी करा. गावठाणाबाहेर वाढवलेलं घर कुणाच्या लेखी 'गरजेपोटी बांधलेलं', कुणाच्या लेखी 'अनधिकृत बांधकाम', तर कुणाच्या लेखी 'अतिक्रमण'. माणूस तोच, पण एका कागदावर 'खातेदार', दुसऱ्यावर 'प्रकल्पग्रस्त', फलकावर 'भूमिपुत्र'. आमच्या आधीच्या पिढ्यांनी 'सत्तावनचं बंड' म्हटलं आणि पुढच्यांनी 'स्वातंत्र्ययुद्ध', हे मुलांना माहीत असतं, ते इथे जोडून द्या. उत्तर आयर्लंडमध्ये एकाच शहराला काहीजण डेरी म्हणतात आणि काहीजण लंडनडेरी. नाव उच्चारलं की माणूस कुठल्या बाजूचा ते कळतं.

सगळं झाल्यावर मुलांकडून त्याच घटनेचे चार ओळींचे निवेदन लिहून घ्या. दोन्हीकडच्या माणसाने वाचलं तर निदान "हे खोटं आहे" असं म्हणता येऊ नये, एवढीच कसोटी. कोरडं, सरकारी लिहायचं नाही. पाच माणसं मेली हे स्पष्ट लिहायचं, कुणाच्या गोळीने तेही लिहायचं. शब्द सौम्य केल्याने कल जात नाही, बहुतेक वेळा तो बलवानाकडे झुकतो.

चौथा तास: कोण, कुठून, काय पाहिलं

साधनं गोळा करताना तीन रकाने आखा: पाहिलं, ऐकलं, वाटतं. प्रत्येक साधनातलं प्रत्येक वाक्य यांतल्या एका रकान्यात जायला हवं. मुलांना सुरुवातीला वाटतं की वर्तमानपत्र म्हणजे 'पाहिलं'. बातमी नीट वाचली की लक्षात येतं, बातमीदाराला अर्ध्याहून अधिक माहिती दुसऱ्याने सांगितलेली असते.

साधनं कुठे मिळतील? विधिमंडळातल्या चर्चेचे छापील वृत्तांत, शासनाचं राजपत्र, जुने सातबारे आणि फेरफार. फेरफार मुलांना जरूर दाखवा, एका ओळीत घराचं नशीब पालटलेलं दिसतं. जुन्या वर्तमानपत्रांसाठी मोठ्या ग्रंथालयात चौकशी करा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे, जाण्याआधी कोणते अंक पाहायला मिळतील ते विचारून घ्या. जासईला १६ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन होतं. तिथली भाषणं ऐकणं हेही साधन आहे, पण ते आजच्या स्मरणाचं साधन आहे, त्या दिवसाचं नव्हे. हा फरक मुलांना आधी सांगा.

मुलाखती घ्यायच्या तर घाई नको. माणसाची परवानगी, तीनच प्रश्न, आणि "नको बाळा" म्हटलं की वही बंद. १९८४ ला सात-आठ वर्षांचे असलेले लोक कधी कधी स्वतः तिथे असल्यासारखं सांगतात. ते खोटं बोलत नसतात. घरात इतक्या वेळा ऐकलेलं असतं की डोळ्यांनी पाहिल्यासारखं झालेलं असतं. "तेव्हा तुम्ही नेमके कुठे उभे होतात?" हा प्रश्न हळुवारपणे विचारला की रकाना आपोआप ठरतो.

समोरच्या छावणीतलं साधन किती मोलाचं असतं यासाठी पानिपत आठवून द्या. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईची एक महत्त्वाची हकिकत काशीराजाने फारसीत लिहून ठेवली, आणि तो होता अवधच्या शुजाउद्दौलाच्या पदरी, म्हणजे अब्दालीच्या बाजूला. ती बाजूला ठेवली तर आपलंच पानिपत आपल्याला अर्धं कळतं.

पाचवा तास: उलटा प्रश्न

आता प्रयोगातला तो प्रश्न वर्गात आणा. मुलांनी गोळा केलेल्या साधनांपैकी त्यांनी बाद ठरवलेली काढा आणि बाद का केली ते विचारा.

एका वर्षी एका गटाने पोलिसांच्या बाजूचं निवेदन बाद केलं. कारण लिहिलं होतं, "ते स्वतःला वाचवणारच." मी विचारलं, हेच कारण लावून आंदोलकांच्या बाजूचं निवेदन बाद कराल का? त्यांनाही आपलं म्हणणं पुढे रेटायचंच होतं. गट गप्प झाला. मग एक मुलगी म्हणाली, "दोन्ही ठेवू, पण दोन्हींना तोच प्रश्न विचारू." हीच पायरी गाठायची असते. त्याच वेळी कॉलनीतल्या मुलांच्या गटाला मी उलटीकडून विचारलं: "विकासासाठी कुणाला तरी त्याग करावाच लागतो" असं तुम्ही लिहिलंय, उद्या तुमची सोसायटी याच कायद्याने हवी झाली तर हे वाक्य असंच ठेवाल? त्यांनी ते खोडलं नाही, पण त्याखाली अट लिहिली: बाजारभाव आणि आधी पुनर्वसन. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्यात मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी का आल्या, हे त्या दिवशी शिकवावं लागलं नाही.

मुलं तुमच्यावर पक्षपाताचा आरोप करतील, तोही दोन्हीकडून. खचून जाऊ नका. १९८२ साली बैरूतमध्ये झालेल्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या स्टॅनफर्डमधल्या विद्यार्थ्यांना दाखवल्या, तेव्हा इस्राएलच्या बाजूच्यांना त्या इस्राएलविरोधी वाटल्या आणि अरबांच्या बाजूच्यांना त्याच बातम्या अरबविरोधी वाटल्या. हा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. अर्थात, दोन्हीकडून शिव्या पडल्या म्हणजे आपण बरोबरच आहोत असंही नाही. प्रत्येक आरोपाला विचारा: कोणतं वाक्य, कोणता शब्द?

सहावा तास: दुसऱ्याचं म्हणणं त्याला पटेल असं

जोड्या लावा, शक्यतो वेगळ्या मतांच्या. एकाने आपलं म्हणणं सांगायचं. दुसऱ्याने ते परत सांगायचं, आणि पहिला "हो, हेच मला म्हणायचंय" असं म्हणेपर्यंत स्वतःचा मुद्दा काढायचा नाही. बहुतेकांना दोन-तीन खेपा लागतात. वादविवाद स्पर्धेत तयार झालेल्या मुलांना सगळ्यात जास्त, कारण त्यांना समोरच्याचं वाक्य मधेच पकडायची सवय असते.

गोळीबाराचा प्रसंग वर्गात नाटक करून दाखवू नका. कुणाच्या तरी घरातला मृत्यू आहे तो.

समतोल म्हणजे निम्मंनिम्मं, हा समज याच तासाला मोडून काढा. पाच माणसं मेली, याला दुसरी बाजू नाही. मोबदल्याचा दर न्याय्य होता का, याला आहे. गोळीबार टाळता आला असता का, हा पुराव्याचा प्रश्न आहे. नवं शहर हवं होतं का, हा मूल्यांचा. चार वेगळ्या जातींचे प्रश्न एकाच पारड्यात टाकले की "दोघांचंही थोडं थोडं चुकलं" असं मिळमिळीत उत्तर येतं, आणि असं उत्तर मी कच्चं मानते. पुरावा एका बाजूला जड असेल तर मुलाने तसं म्हणायलाच हवं. आधी वजन केलेलं असलं म्हणजे झालं.

मग पाकिटं परत करा. मुलांनी स्वतः उघडायची, आणि मत बदललं का यापेक्षा कारणं बदलली का ते एका परिच्छेदात लिहायचं. गुण त्या परिच्छेदाला द्या. मत तेच राहिलं म्हणून एकही गुण कापू नका. मी दहापैकी चार गुण विरुद्ध बाजूचं म्हणणं किती नेमकं मांडलं याला देते, तीन साधनांच्या रकान्यांना, दोन शब्दांच्या निवडीला आणि एक "अजून काय शोधायला हवं" या प्रश्नाला.

दूरचा संघर्ष आणि जवळची माणसं

हीच पद्धत इस्राएल-पॅलेस्टाइनला लावायची तर दोरीवरच्या पट्ट्या बदलतात: १९१७ ची बॅल्फर घोषणा, २९ नोव्हेंबर १९४७ चा फाळणीचा ठराव (भारताचं मत विरोधात), मे १९४८, जून १९६७, १९९३ चा ऑस्लो करार, ७ ऑक्टोबर २०२३. क्रियापदांच्या तासाला १९४८ पुरेसं आहे. एकाचं 'स्वातंत्र्ययुद्ध', दुसऱ्याचा 'नकबा', म्हणजे महासंकट, ज्यात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी आपल्या घरांतून गेले. आकडा लिहिला की तो कुणी दिला तेही लिहायचं: ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यात इस्राएलमध्ये सुमारे १२०० माणसं मारली गेली, हा इस्राएलचा आकडा. नंतरच्या युद्धात गाझामध्ये मेलेल्यांची संख्या २०२५ मध्ये ६० हजारांच्या वर गेली, हा गाझाच्या आरोग्य मंत्रालयाचा.

दूरचा म्हणून हा विषय सोपा जाईल असं समजू नका. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ १८७९ सालचं शार हाशामाईम सिनेगॉग आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे आणि म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्राएली मराठीच बोलत. १९४८ नंतर त्यांतले बरेचजण तिकडे गेले. आणि त्याच ठाण्यात राबोडी, मुंब्र्याहून येणारी मुलं आहेत, ज्यांच्या घरी गाझाच्या बातम्या रोज लागतात. एखाद्या मुसलमान मुलाकडे वळून "तुमच्या लोकांचं काय म्हणणं?" असं कधीही विचारू नका. आगरी मुलाला आगऱ्यांचा प्रवक्ता करू नका, तसंच हे. त्याला आपण होऊन बोलायचं असेल तर तो बोलेल, आणि गप्प बसायचा त्याचा हक्क बाकीच्यांइतकाच आहे.

अडलं तर

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ कुणीतरी दाखवतंच. तो अडवू नका, तीन रकान्यांत टाका: कुणी काढला, कधी, कुठे? बहुधा तिन्ही जागा रिकाम्या राहतात आणि वर्गाला उत्तर मिळतं.

पालकांची तक्रार आली तर मुलाची वही त्यांच्यापुढे ठेवा, आपलं मत ठेवू नका. म्हणूनच पहिल्या तासाआधी मुख्याध्यापकांना सहाही तासांचा आराखडा लिहून द्या.

वर्गात आवाज चढला तर चर्चा थांबवून सगळ्यांना पाच मिनिटं लिहायला लावा. रागाने लिहिलं तरी चालेल. एखादं मूल रडलं तर तास सोडून त्याच्याजवळ बसा, धडा उद्या होईल.

वेळापत्रकात हे सहा तास जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात बसवा, म्हणजे १६ तारखेला जासईला जायची ज्याला इच्छा आहे त्याला दोरीवरच्या पट्ट्या डोक्यात घेऊन जाता येईल. गेल्या वेळी बारा मुलं गेली. परत आल्यावर त्यांनी आपणहून एक पट्टी लिहून १९८४ च्या शेजारी लावली. त्यावर तारीख नव्हती. 'बंदोबस्ताला आलेले पोलीस कुठल्या गावांचे होते?' एवढाच प्रश्न होता. यंदाच्या सहा तासांत त्याचं उत्तर शोधायला आम्ही एक तास वाढवला आहे.